सत्ती-दुरी

मुसाकाझीच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला
कॉम्प्रेसर धापा टाकत असतो
आणि त्याच्या उबेला, उलट्या क्रेटवर, आम्ही चौघं :
मी, इंजिनवाला धाकू करंगुटकर, खलाशी सुलेमान,
आणि हसनमियाँ सारंग,
सव्वीस वर्षं परदेशी बोटींवर पंपमन,
एक कान तिथंच ठेवून आलेला.

तीन पत्ती आम्हाला येतच होती.
त्याने दोनच पानं वाटली.
'पाच मध्ये पडतील, ती सगळ्यांची.
तुझी म्हणशील तर ही दोन.'
पैसे नाहीत. काजूच्या बिया.

पहिल्या रात्री मी सगळं खेळलो.
राणी दिसली, खेळलो.
दोन इस्पिक शेजारी आले, खेळलो.
अठ्ठी-तिर्रीवर खेळलो, कारण
माझा जन्म आठ मार्चचा.
पहाटे माझ्यापुढे एक बी उरली, तीही किडकी.

हसनमियाँ हसला नाही.
'आमची मरियम लिलावात कशी फिरते, बघ एकदा.
दहा टोपल्यांपुढून जाते.
नऊ वेळा हात ओढणीखालीच.
एक्का आला म्हणून नाचू नको,
सोबत कोण आलंय ते बघ.
राजाबरोबर चौकी म्हणजे
मोठ्या घरचं स्थळ, आणि ताटात पेज.
गुलाम-दश्शी एका रंगाची असेल तर ठेव,
गरीब असतात, पण एकमेकांचं ऐकतात.
आणि बसलायस कुठे?
आधी बोलायचं असेल तर तू आंधळा.
शेवटी बोलायचं असेल
तर तीन चेहरे वाचून झालेले असतात.
सत्ती-दुरी मात्र
वाटणाऱ्याला परत. सलाम करून.'

दुसऱ्या रात्री मी टाकत राहिलो.
नव्वी-चौकी टाकली, राणी-तिर्री टाकली
(राणीकडे न बघता).
टाकलेल्या पानाला आवाज नसतो,
आवाज फक्त साच्यातून सुटणाऱ्या लादीचा.
हात रिकामे झाले की दिसायला लागतं :
धाकूला जोडी आली की तो कॉम्प्रेसरकडे बघतो,
जसा काही तोच बिघडणार आहे.
सुलेमान काहीच टाकत नाही.
'खेळायला आलोय रे मेल्या, टाकायला नाय.'
तीन नंबरचा बावटा लागला तरी
होडी लोटणारा हाच.

तीनच्या सुमारास मी विचारलं,
'बोटीवर गेलात तेव्हा, हसनमियाँ,
पानं कशी होती?'

त्याने चांगला कान माझ्याकडे केला.
'सतरा वर्षांचा होतो. फॉर्म मामाने भरला.
पानं उचलून बघतात
हेच ठाऊक नव्हतं.'

मग पुढचा डाव.
पहिलं बोलणं त्याचंच होतं.
दोन बिया सारल्या, मग चार,
मग मूठभर.
आम्ही दोघांनी टाकली. सुलेमान अर्थातच राहिला,
आणि पंजीच्या जोडीवर सगळं घेऊन गेला.
हसनमियाँने आपली पानं उताणी केली :
सत्ती. दुरी.
धाकू बघतच राहिला.
मी म्हटलं, 'तुम्हीच तर सांगितलेलं.'
'हो तर,' तो म्हणाला. 'बरोबरच सांगितलेलं.'

उजाडल्यावर लिलावाला गेलो.
मरियम दहाव्या टोपलीपुढे थांबली,
अकराव्या, बाराव्या.
हात काही बाहेर आला नाही.
तेराव्या टोपलीत बारीक मांदेली,
अर्धी फुटलेली, कुणी विचारत नव्हतं.
तिथे तिने बोली लावली.

काय बघितलं तिने
ते मला अजून कळलेलं नाही.
आज रात्री परत बसतोय आम्ही.
मी भिंतीकडची जागा
दुपारीच क्रेट ठेवून धरलीय.