छाट धरून

डब्लिनला किती तास लागतात, विचारते अम्मा,
कात्रीवरची नजर न उचलता.
अकरा, मी म्हणते, मुंबईपासून.
मधला थांबा धरला तर सोळा.
आणि लांब किती?
साडेसात हजार किलोमीटर.
ती मान हलवते,
वाण्यानं तेलाचा भाव सांगितल्यावर हलवते तशी:
ऐकलं, पण घ्यायचं नाही.

विडी घरकुलातली दुपार. पत्रा तडतडतोय.
ओल्या गोणपाटात पानं, मांडीवर सूप,
अंगठ्याला नखी.
फर्म्यावर पान कापायचं, तंबाखू भरायची,
वळायचं, लाल दोरा, नखीनं तोंड मिटायचं.
शेजारची कनकव्वा बोलत असते, टीव्ही बोलत असतो,
बोटं कुणाचंच ऐकत नाहीत.

तिला कळेल अशा मापात सांगावं म्हणून
जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर
मी हिशेब मांडला.
एक विडी सहा सेंटिमीटर.
रोजच्या हजार. म्हणजे साठ मीटर,
आपल्या उंबऱ्यापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत.
वर्षाचे दिवस तीनशे
(पानं आली नाहीत ते, तापाचे, संपाचे,
माझ्या जन्माचे चार वजा).
वर्षाला अठरा किलोमीटर.
चाळीस वर्षं.
सातशे वीस.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या रुळालगत
एकापुढे एक ठेवत गेलं तर
कुर्डुवाडी, दौंड, पुणे, घाट उतरून मुंबई.
चारशे पंचावन्न तिथंच संपतात.
उरलेल्या समुद्रात शिरतात,
आणि दोनशे पासष्ट किलोमीटर आत
शेवटची विडी पाण्यावर तरंगत राहते,
पुढे काही नाही.

विमान एवढं अंतर तासाच्या आत कापतं.
पट्टा सोडायची खूण होते, ट्रे येतो, तेवढ्यात.
हे मी तिला सांगितलं नाही.

अम्मानं कागद मागितला.
मराठी ती अडखळत वाचते,
आकडे मात्र कुठल्याही भाषेतले तिचेच.
वरून खाली बोट फिरवलं, कारखान्यातल्या चेकरसारखं,
आणि एका ओळीवर थांबली.
छाट कुठाय?

छाट?

हजार ते घेतात. वळते मी अकराशे.
ही पोकळ, हिचं तोंड उघडं म्हणत
शंभर तो बाजूला काढतो.
पैसे मिळाले नाहीत, म्हणून काय वळल्या नाहीत?

मी वाढवलं. रोजचे सहा मीटर.
सातशे ब्याण्णव.
समुद्रात आणखी बहात्तर किलोमीटर,
कुठल्याच पासबुकात नसलेले.

आता पोचतंय का?
नाही, अम्मा.
बरं, म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

परत जाताना खिडकीपाशी जागा मिळाली.
समोरच्या पडद्यावर निळ्या रंगात बोटाएवढं विमान,
खाली झालेलं अंतर.
सातशे सत्तर. सातशे अठ्ठ्याहत्तर.
जेवणात काय घेणार, विचारलं कुणीतरी.
जरा थांबा, म्हटलं.
सातशे नव्वद.
मग पडदा एकदम सातशे अठ्ठ्याण्णववर गेला.

मधले त्यांनी गाळले.
मी धरले,
आणि ट्रे पुढे ओढला.