थांबू की पाठवू

दिव्यांची पाटी गेल्या रमजानपासून बंद आहे,
म्हणून आकडे मीच हातानं लावतो,
प्लास्टिकचे, खाचेत सरकवायचे.
नऊचं शेपूट तुटलंय.
लांबून ते शून्य वाटतं
आणि त्यावरून रोज एक तरी भांडण.

रुवीच्या या गल्लीत आठ वाजता
पाच-सात जण माना वर करून उभे असतात,
जणू मी दहावीचा निकाल लावतोय.

काल मुंबईत व्याजदर ठरला.
सहा माणसं तीन दिवस बसली,
पाव टक्का वाढवला,
रुपया सावरावा म्हणून.
अमेरिकेनं त्याआधीच पाऊण वाढवलेला.
रुपया पडला तो पडलाच.

आमच्या गल्लीत रुपया पडला की हसू फुटतं.
घरचंच माणूस जिन्यावरून घसरावं
आणि आपण खाली ओंजळ धरून उभं असावं,
खिशातून काय सांडतं बघत.
वाईट वाटतं. पण मग फॉर्म भरायचा असतो.

रियाल पडत नाही.
तो डॉलरच्या खुंट्याला बांधलाय, दावं आखूड;
खुंटा हलला तर हा हलणार.
रुपयाला म्हणे मोकळं सोडलंय.
मोकळं म्हणजे काय ते
उधळलेल्या वासरामागं धावलेल्याला विचारा.

हर्णैचे सत्तार चोगले, लाँड्रीवाले,
सोळा दिवस रोज येऊन परत जातायत.
पैसे साबणाच्या डब्यात, निळ्या पुडीखाली.
"थांबू की पाठवू?"
मी म्हणतो, चाचा, मला कळत असतं
तर काचेच्या या अंगाला बसलो असतो का?
बँकेनं दिलेलं व्याज ते घरात घेत नाहीत.
वहीत वेगळं लिहितात, पै न् पै,
आणि गावातल्या सार्वजनिक संडासाला देतात.
दर वाढला तसं परवा म्हणाले,
"आता दरवाजेबी बसतील."

मग सोमलता आली, श्रीलंकेची,
शाती-अल-कुर्ममध्ये कुणाच्या तरी बाळाला सांभाळते.
चाळीस रियाल काचेखालून सरकवले.
पावतीवरचा आकडा बघून
तिनं कागद परत आत ढकलला. चूक आहे, म्हणाली.
चूक नव्हती.
तिच्या देशाचं चलन झोपलं होतं,
आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता.
मी अभिनंदनासारखं काहीतरी बोललो.
ती बोटांवर मोजत राहिली, दूध पावडर, गॅस, बसचं भाडं,
एका हाताची बोटं संपली,
मोडक्या हिंदीत म्हणाली,
"नंबर बडा हुआ. बच्चा उतनाच."
मागच्या माणसानं घसा खाकरला.

दुपारी एक ते चार शटर अर्धं.
डबा खाता खाता बँकेचं पत्र वाचलं,
पनवेलच्या फ्लॅटबद्दल.
"आपला हप्ता वाढवलेला नाही."
केवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!
मग खालची ओळ.
वीस वर्षांची मुदत सव्वीस झालीय.

म्हणजे तो पाव टक्का
रुपयाला उचलू शकला नाही,
पण माझी सहा वर्षं उचलून घेऊन गेला,
आधीच्या सगळ्या पाव-अर्ध्यांना सोबत घेऊन,
काही न बोलता, पुढच्या तारखेची.
तेव्हा मी सदुसष्टचा असेन.
व्हिसा साठीला संपतो.
मधली सात वर्षं कुणाच्या पाटीवर लावायची?

चारला शटर वर केलं.
चोगले उभेच होते, डबा काखेत.
दर तेवढ्यात चार पैशांनी उतरला होता.
मी आकडा काढला, दुसरा शोधू लागलो,
नऊ हाताला लागत होतं, तुटकंच,
आणि ते म्हणाले, "राहू दे रे आता.
पाठव."