एक पायरी खाली

कागद आला तेव्हा झुल्मिरा डोंगरावर होती,
घोटाभर चिखलात, हातात कोयता.
खाली नॉर्देश्तेच्या कचेरीत
एलादिओनं तो दोनदा वाचला, मग भिंतीवर टाचला:
प्रिओलो. एक पायरी खाली.

या यादीत उतरणं म्हणजे वाचणं,
हे कळायला झुल्मिराला एक अख्खा हिवाळा लागला होता.
सगळ्यात वरच्या पायरीच्या पुढे
फक्त काचेचं कपाट असतं, आणि चिठ्ठी.

पक्षी तसा मिरवण्यासारखा नाही.
मुठीत मावेल, राखाडी, डोक्यावर काळी टोपी.
युरोपातल्या भाऊबंदांची लाल छाती
याच्या वाट्याला आलीच नाही.
शीळसुद्धा अशी,
की कुणी दार अर्धं उघडून
'येऊ का' विचारावं
आणि उत्तराआधीच निघून जावं.

तिच्या खापरपणज्याच्या काळी इथे संत्र्याच्या बागा होत्या,
पेट्या न्यायला इंग्लंडची जहाजं यायची,
आणि हा कळ्या खायचा.
घरात अजून सांगतात:
मारलेल्या पाखरांच्या पैशांतून
थोरल्या लेकीचे लग्नातले बूट आले.
पुढे संत्री रोगानं गेली.
पाखरू दिसेनासं झालं.
बुटांचं काय झालं, कुणी सांगत नाही.

आता ती तोडते ते झाड
तुम्हाला ओळखीचं वाटेल.
आपल्या सोनटक्क्याची चुलत बहीण,
हिमालयातून कुणीतरी बागेच्या शोभेसाठी आणलेली,
पिवळी, घमघमणारी,
आणि इथल्या रानात कुणाला न जुमानणारी.
नुसती कापून भागत नाही. कंद खणायचा,
एकही डोळा मागे न ठेवता.
झुल्मिरा म्हणते, इतक्या छान वासाचं काही
मी जन्मात इतकं मारलं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी सगळे धुक्यात
आपापल्या खुणेवर गप्प उभे होते.
तिच्या वहीत तीन उभ्या रेघा,
चौथी खोडलेली,
कारण तो कदाचित मघाचाच असावा.

संध्याकाळी एलादिओनं वाइन उघडली.
जिवावरचं शेपटावर निभावलं,
असंच काहीसं तो त्याच्या भाषेत म्हणाला.
मग ग्लासाकडे बघत:
पैसा आता वरच्या पायरीवरच्यांकडे जाईल.
तेही बरोबरच म्हणा.
मार्चनंतर सहा जणं पुरतील.

कामावर अकरा आहेत.
झुल्मिरानं टेबलाभोवती नजर फिरवली,
तिला मोजायची सवय आहे.

सकाळी ती वर गेली.
गेल्या साली साफ केलेल्या तुकड्यात
बोटभर हिरवा कोंब.
तिनं लावलेलं आझेविन्यूचं रोप
आता तिच्या कमरेएवढं,
आणि त्याच्या आडून ती शीळ, अर्धं दार.
वही काढली नाही. आज मोजणी नव्हती.
कोंब ओढला तर तुटून हातात आला,
कंद आतच.

तिनं कोयता बाजूला ठेवला
आणि बोटांनी माती उकरायला लागली.