भाताची वाफ

पत्र आलं मंगळवारी, केटरिंगच्या आमच्या दाराच्या फटीतून,
गॅसचं बिल आणि पिझ्झाच्या जाहिरातीमध्ये चेपलेलं.
त्यांचं इंग्रजी मनातल्या मनात मराठीत लावत गेले :
‘वाहनात ओलावा आढळून आला आहे.
सदर ओलावा वापरामुळे निर्माण झाल्याचे निदर्शनास येते.
वॉरंटीचा दावा मान्य करता येत नाही.’

हेमकांतनं उभ्याउभ्या वाचलं, मग चष्मा लावून वाचलं,
मग माझ्या हातात दिलं : ‘तू तपास.’

तपासलं.
आढळून आला. कोणाला?
निदर्शनास येते. कोणाच्या?
मान्य करता येत नाही. का, हात दुखतात?
साताऱ्यात आठवीच्या पोरांना सांगायचे,
कर्ता सापडत नसेल तर क्रियापदालाच विचारा, करणारा कोण?
या कागदाला विचारून विचारून घसा बसला.
सगळं आपोआप घडलेलं.
छप्पर आपोआप बसलं, सांधा आपोआप उघडा राहिला,
बासष्ट हजार पौंड मात्र
आम्ही दिले.
तिथे कर्ता स्पष्ट होता, सही करून.

अकरा आठवड्यांची गाडी. आत पलंग, शेगडी,
बोटभर बेसिन, आणि नव्या प्लायवूडचा वास.
नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर तिसऱ्या रात्री
हेमकांतच्या कपाळावर थेंब पडला.
मग दुसरा. महादेवावर टांगतात ना गळती,
तसा शांत, एका लयीत अभिषेक.
तो उठून बसला. म्हणाला, ‘बाहेर असेल.’
आम्ही आत होतो.

डीलरकडचा टिलकॉट आला, दोन सुयांचं यंत्र भिंतीत टोचलं,
आकडा बघितला, नाक वर केलं, हिंग ओळखला नसावा.
‘आत स्वयंपाक बराच होतो का?’
बराच म्हणजे? दोन वाट्या आंबेमोहोर, वर वरण.
कुकरकडे असा बघत होता
जसा पंचनाम्यात कोयत्याकडे बघतात.

त्यांच्याच माहितीपत्रकात, पान सहा,
एक बाई हसतहसत सूप ढवळते आहे
आणि तिच्या पातेल्यातून वाफ निघते आहे.
रंगीत. छापील.
तिची वाफ कुठे जाते, तेवढं टिलकॉटला विचारायचं राहिलं.

मग मी शेगडी बंद केली. नऊ दिवस.
गाडीला कुलूप, आत कोणी नाही, श्वाससुद्धा नाही.
पलंगावर गावचं साप्ताहिक पसरून ठेवलं.
दहाव्या दिवशी बशीएवढं ओलं वर्तुळ,
बरोबर उशीच्या जागी, कौन्सिलच्या बातमीवर,
आणि वरच्या कोपऱ्यात, कोरडी, तारीख.

त्या रात्री उत्तर लिहिलं. कर्तरी प्रयोगात.
तुम्ही छप्पर जोडलं. तुम्ही सांधा भरला नाही.
तुमच्या माणसानं शिडी आणली नाही, छपरावर चढला नाही.
आम्ही भात शिजवला.
आम्ही तो पुन्हा शिजवू.

हेमकांत म्हणाला, फार टोचतं गं,
‘विनंती करण्यात येत आहे’ असं घाल कुठेतरी.
चाळीस वर्षं बस डेपोत सगळ्यांना सॉरी म्हणत काढली त्यानं,
ज्यांनी पायावर पाय दिला त्यांनाही.
मी एक ‘कृपया’ घातलं. शेवटी. लहान अक्षरात.
आणि खरं सांगायचं तर
ही गाडी घ्यायची मुळात कोणी ठरवलं, यावर
आमच्या घरातही ‘घेतली गेली’ असंच म्हणतात.

नॉर्थम्प्टनच्या कोर्टात चौदा तारीख मिळाली आहे.
साप्ताहिक घडी करून ट्रंकेत, नॅप्थलीनसोबत.
काय होईल ते होईल; हे वाक्य भावे की काय,
आता तपासत नाही.

आज संध्याकाळी दारातच, गाडीत कुकर लावला.
बाहेर बारीक पाऊस. शेजारच्या मॉरीननं पडदा सरकवला.
तीन शिट्ट्या झाल्या. वाफ सरळ खिडकीतून गेली,
तिला वाट माहीत होती.
मी पलंगावर हात उताणा ठेवून बसले.
थेंब आला.
गार.