फाइन

रास्ता पेठेतल्या आमच्या वाचनालयात
दिवसाला एक रुपया फाइन.
पाटीवर 'दंड' लिहिलंय, लाल रंगात,
पण दंड म्हटलं की सभासद भांडायला उठतात,
फाइन म्हटलं की मुकाट सुटे शोधतात.

बेहेरे आले. कसे आहात, विचारलं.
म्हणाले, आहे.
पिशवीतून पुस्तक काढलं, बायकोच्या कार्डावरचं.
एकेचाळीस दिवस.
मी म्हटलं, एकेचाळीस रुपये फाइन.

फाइन?
आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये
फाइन म्हणजे शेवटचा कट.
आधी रफ, तेव्हा लेथ नुसता ओरडतो.
मग टूलला नवी धार, फीड अगदी हळू,
केसाएवढंच घ्यायचं.
त्यानंतर जॉबला हात लावायचा नाही.
बोलताना त्यांचा अंगठा
माझ्या टेबलाच्या कडेवर फिरत होता,
बर राहिलीय का बघत.

माझ्या मागच्या कपाटात कोश आहे,
पाठ उसवलेला, इश्यू होत नाही,
म्हणून मीच वाचते.
फाइन: बारीक. छान. दंड.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
या सगळ्यांचा लॅटिन पणजोबा, फिनिस.
शेवट.
तडीस गेलं ते छान.
जे मोजून तंटा संपला, तो दंड.
लॅटिनच्या वाटेला न जाता
छत्तीस वर्षं एका लेथपाशी उभा राहून
हा माणूस तिथेच पोचला होता.

मी ते वाचून दाखवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
वरचा पंखा कुरकुरत होता, तेवढंच.
मग म्हणाले,
म्हणजे एकेचाळीस भरले की मिटलं?

मिटलं.
कार्ड बंद केलंत तर डिपॉझिटही मिळेल, दोनशे.

पान एकशे बाराला पीएमटीचं तिकीट होतं,
घडी घालून घालून बारीक केलेलं.
पुढची पानं कोरी करकरीत.

त्यांनी पैसे मोजले, चार दहाच्या नोटा,
वर एक नाणं.
पावती खिशात ठेवली
आणि पुस्तक माझ्या हाताखालून
स्वतःकडे ओढून घेतलं.

हे हिच्याच नंबरवर परत लिहा.
आणि उशीर झाला तर होऊ द्या,
फोन करू नका.

आमच्या शिक्क्यावरची तारीख
हाताने फिरवावी लागते.
कालचीच होती.
मी ती एक दात पुढे सरकवली.