प्रभारी

पुंता अरेनासच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
वारा वर्षभर खिडकीला खांदा लावून उभा असतो
आणि मी भिंतीवरच्या तक्त्यात माणसं सरकवते.
आडवी बेटं, उभे महिने.
निळी पट्टी म्हणजे दीपगृहावर कोणीतरी आहे.
एक पट्टी संपते तिथेच दुसरी लागली पाहिजे.

कमांडरसाहेब म्हणतात, फट नको आणि थर नको.
फट म्हणजे बेट उघडं,
थर म्हणजे एका खुर्चीचे दोन पगार.
मी हो म्हणते. तेवीस वर्षं हो म्हणतेय.

पण कागदावर बसणारा जोड पाण्यावर बसत नाही.
कार्कामोच्या बायकोला सातवा महिना,
ओयार्सूनचं रेडिओचं प्रशिक्षण दहा एप्रिलला संपतं
आणि बोट सुटते आठला.
बारिआचा दाढदुखीचा दाखला खरा आहे,
मी त्याचा गाल पाहिलाय.
एकाला हलवलं की सात जण उसवतात,
स्वेटरचा एक टाका ओढावा तसे.

म्हणून मी थर ठेवते. गुपचूप. तीन दिवसांचा.
त्या चौकोनांत 'प्रवास' असं लिहिते.
तेवढ्यात जाणारा येणाऱ्याला सांगून घेतो
जे कार्यभाराच्या यादीत मावत नाही:
जनित्र सुरू होण्याआधी एकदा खोकतं, घाबरू नकोस.
पश्चिमेचं दार दोरीनं बांध.
जुलैत रात्री कोणी हाका मारतंय असं वाटेल,
सील असतात. बहुतेक.
दोन बायका एका चुलीवर दोन भांडी चढवतात
आणि कोणाचं मीठ संपलं हे कोणी विचारत नाही.

त्या वर्षी केब्रादो बेटावरून मानसियाला
हेलिकॉप्टरनं उचललं, वडील गेले म्हणून.
बदलीची बोट वाऱ्यानं परत पाठवली. दोनदा.
नऊ दिवस.
दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो,
त्याला माणूस लागत नाही,
हे आम्ही रोज सकाळी एकमेकांना सांगत होतो.
हवामानाच्या वहीत नऊ कोऱ्या ओळी.

दहाव्या दिवशी पोरगेला काइकेओ उतरला
तर धक्क्यावर त्रापो.
कुत्रा. कोणाचाच नाही.
यादीत डिझेलची चौदा पिंपं आहेत, तो नाही.
पाच बदल्या त्यानं पाहिल्या, स्वतः कुठे गेला नाही.
बरगड्या मोजता येत होत्या,
तोंडाला कालवांचा वास.
एकदा भुंकला, मग पुढे चालत
काइकेओला थेट पश्चिमेच्या दारापाशी घेऊन गेला.
दोरी सुटली होती.

मी तक्ता काढला. नऊ पांढरे चौकोन.
त्यांत पेन्सिलीनं लिहिलं: त्रापो, प्रभारी.
हुद्दा: नाही. शिल्लक रजा: सगळी.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
बराच वेळ पाहत राहिले.
"याची बदली कधी आहे?"
म्हटलं, रुजूच झाला नाही तर कार्यमुक्त कसा करू?
ते हसले नाहीत. सही केली.
मग पुढच्या वर्षाचं पान उलटून
जिथे जिथे मी 'प्रवास' लिहिला होता
तिथे तिथे तीनाचे पाच केले,
शाईनं,
आणि म्हणाले, यंदा वारा फार आहे.