खांब क्रमांक सहा

मेडोज चेंबर्स दगडाची नाही, विटेचीही नाही.
ओतीव लोखंडाची ती, जहाजातून आली सुटी सुटी,
पेंढ्यात गुंडाळलेली, चिनीमातीच्या बश्यांसारखी,
प्रत्येक तुकड्याच्या पोटरीवर एक आकडा.
इथे उतरवायची, आकडे जुळवायचे,
झाली इमारत.

मी मार्चमध्ये मोजणीला गेले.
फोर्टातला बोळ: झेरॉक्सवाले, शिक्केवाले,
टोस्ट सँडविचचा धूर,
आणि वर पाच मजले लोखंडी द्राक्षांचे घड,
इथे कुणी कधी न पाहिलेल्या पानांचे वेल,
वेलांवर वाळत घातलेले वकिलांचे पांढरे बँड.

नुरुद्दीन परकार रंग खरवडत होता.
वरचा करडा, त्याखाली चॉकलेटी,
मग लढाईच्या दिवसांतला काळा,
मग बाटलीचा हिरवा, मग एक गुलाबी,
ज्याचा कुठल्याच कागदात पत्ता नाही.
सर्वांत खाली लोखंड. लोखंडात आकडा.
"बाई, हा नऊ आहे."
नकाशात तिथे सहा.

मग नवाच्या जागी जाऊन पाहिलं, जिन्यामागच्या अंधारात.
तिथे सहा उभा,
पाव इंचाने बारीक,
नवाचं ओझं खांद्यावर घेऊन
दीडशे वर्षं, हूं की चूं न करता.

नुरुद्दीन खरवडणी मांडीवर पुसत हसला.
"आमचेच असणार. रत्नागिरीकडचे खलाशी.
डोलकाठी उभी करायचे तसे हे खांब उभे केले.
खांब आडवा पडलेला, आकडा इंग्रजी.
या अंगाने वाचा, सहा. त्या अंगाने, नऊ.
आपले आकडे असते तर चुकले नसते.
नाहीतर ओतणाऱ्याने खाली
एक ठिपका तरी द्यायचा."
"आणि साहेब?"
"साहेब जेवायला गेला असेल."

तर तिसरा मजला दोन बोटं कलला.
कलला म्हणून एकतीस नंबरचं दार
कधी लागलंच नाही.
आत केरसी दुबाश, नोटरी, वय अठ्ठ्याऐंशी.
"दार? अरे, माझा बाप पण लावून लावून थकला."
समोरच्या खोलीत रिबेका पेणकर टाइप करायची.
एकतीस वर्षं.
तिच्या मशीनची एक कळ अडकायची,
दर ओळीत मध्येच एक श्वास पडायचा.
"मला इथे बसून समजत होतं,
आज तिचं डोकं दुखते,
आज भावाचं पत्र आलं."
"कधी बोललात?"
"शनिवारी नाय. शनिवार तिचा शब्बाथ."
"आणि बाकीचे सहा दिवस?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
एकोणनव्वद साली ती दिमोनाला गेली, भाचीकडे.
मशीन भंगारात गेलं.
दार अजून उघडं.

ऑफिसातून फोन: अहवालात दोन रकाने आहेत,
दोष आणि उपाय, दोन्ही भरा.
जॅक लावू, मजला उचलू,
खांब बदलू, दार लागेल.
मी हो म्हटलं. उपाय बरोबरच होता.
टेबलाखाली वाकून कल मोजायला गेले
तर पायाखाली स्टँप पेपरची घडी,
आठ पदरी, कडा पिवळ्या.
जाडी मोजायला ओढून काढली,
टेबल लंगडलं, दौत घरंगळली,
केरसीशेठनी ती न बघताच अडवली,
रोजचीच सवय असल्यासारखी.
घडी होती तशी परत सरकवली.

खाली नुरुद्दीन विचारतो, रंग कोणता?
यादीत करडाच आहे.
म्हटलं, लाव करडा,
पण आधी त्या गुलाबीचा एक पापुद्रा काढून दे.
नखाएवढा निघाला.
पाकिटात घातला, पाकिटावर
खांबाचा नंबर टाकला, इंग्रजीत.
ठिपका दिला नाही.